ओल्या गोणपाटाखाली

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी म्हाताऱ्याच्या शर्टाला छोटा माईक अडकवला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं.

"काका, हळू बोललात तरी चालेल. मघाशी माझ्या कानाचे पडदेच गेले असते."

"आयुष्य क्रेनवर गेलं. खाली ऐकू जायचं तर बोंबलायलाच लागायचं," म्हातारा म्हणाला.

कोपऱ्यात बाकावर बसलेली सून हसली. तिनेच त्याला इथवर आणलं होतं. धरण आणि वीजघर बांधणाऱ्या लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या, असं प्रकल्पाच्या कचेरीने ठरवलं होतं. जुनी नकाशांची खोली त्यासाठी रिकामी केली होती. बोलावणं आलं तेव्हा म्हातारा आधी नाहीच म्हणाला. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ती गेल्यापासून त्याचं बोलणं चहा आणि औषधं यांच्यापलीकडे जात नव्हतं. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही सांगितलं तर कोण सांगणार?" ते त्याला पटलं.

आता मात्र त्याची गाडी रुळावर आली होती. काँक्रीटने भरलेली बादली उंचावरून नेमक्या जागी कशी उतरवायची, वारा सुटला की ती कशी झुलायची, खालच्या माणसाच्या हाताच्या खुणा कशा ओळखायच्या, सगळं त्याने रंगवून सांगितलं.

"आणि जेवायला खाली यायचात?"

"छे! उतरायचं आणि परत चढायचं, यातच सुटी संपायची. मी वरून दोरी सोडायचो, खालून डबा बांधून मिळायचा. बाकीच्या ऑपरेटरांचे डबे गारढोण. माझा उघडला की वाफ. जळायचे सगळे माझ्यावर."

"घरून यायचा?"

"मग काय. बायको घरीच असायची ना."

हे वाक्य त्याने आजवर इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते आपसूक तोंडातून निघालं.

"पण तुमची वसाहत तर टेकडीपलीकडे होती," बाई म्हणाल्या. "तिथून येईपर्यंत डबा एवढा गरम कसा राहायचा?"

इतकी वर्षं म्हाताऱ्याने तो डबा खाल्ला, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"तिचा हातगुण," तो म्हणाला आणि हसायला गेला.

"काँक्रीटवर," सून बाकावरून म्हणाली. दोघांनी वळून पाहिलं तशी ती ओशाळली. "म्हणजे, आई सांगायच्या. स्वयंपाकघरात."

बाईंनी तिला खुर्ची ओढून दिली. सून पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"आई पाणी मारणाऱ्या बायकांत होत्या. नवं काँक्रीट उन्हात तडकू नये म्हणून त्याच्यावर गोणपाटं अंथरायची आणि दिवसभर ओली ठेवायची. आई म्हणायच्या, ते आतून तापलेलं असतं, ताप भरलेल्या पोरासारखं. मग त्या बाबांचा डबा फडक्यात गुंडाळून गोणपाटाखाली सारायच्या. बाकीच्या बायका चिडवायच्या, की हिचा नवरा वर बसून सरकारी चुलीवरचं जेवतो."

बाई हसल्या. म्हातारा हसला नाही. वरून त्या बायका दिसायच्या, ओळीने वाकलेल्या. त्यातली आपली कोणती हे त्याने कधी शोधलं नव्हतं. नजर तिकडे गेलीच तर तो ती काढून घ्यायचा.

"त्रास नाही व्हायचा हातांना?" बाईंनी सुनेला विचारलं.

"पायांना व्हायचा. सिमेंटच्या पाण्याने बोटांच्या बेचक्या चिरायच्या. त्यात सुटल्यावर नाल्याकडून वळसा घालून घरी..." सून थांबली.

"वळसा का?"

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"काही नाही. असंच."

"बाकीच्या बायकाही तिकडूनच जायच्या?"

"ते राहू द्या ना, ताई. एवढं काढून टाकता येईल का? चुकून बोलून गेले."

"येईल की. पण मुलाखत काकांची आहे. ते म्हणतील तसं."

आवाज नको म्हणून खोलीतला पंखा बंद ठेवला होता. म्हाताऱ्याच्या मानेवरून घाम ओघळला. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. रोज पुढ्यात ताट ठेवताना, बाबा म्हणून हाक मारताना, आज रिक्षातून उतरताना हात धरताना.

"काढू नका," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की बाई पुढे वाकल्या. "मोठ्या रस्त्यावर चहाची टपरी होती. सुटल्यावर आम्ही ऑपरेटर तिथं बसायचो. सिमेंटने माखलेली ती बाई माझी आहे हे त्यांना कळायला नको होतं मला. मीच सांगितलं होतं तिला, नाल्याकडून जात जा म्हणून."

सून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"नाल्याची वाट किती लांब पडायची, काका?" बाईंनी विचारलं.

अंतर खुणेने दाखवावं तसा त्याने सवयीने हात उचलला. हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी कधी गेलो नाही त्या वाटेनं."