मी थांबले की गप्प बसायचं

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालणारी, काळ्या रंगाची. अंगावरची सोनेरी वेल आता निम्मीच उरली आहे. माझा मुक्काम एक्वादोरच्या डोंगरातल्या एका गावात, कपडे शिवणाऱ्या दोन्या (म्हणजे बाई) एर्लिंदा फारिनांगो यांच्या घरी, खिडकीशी.

मित्रांनो, मशीनला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण गावातलं जेवढं मला कळतं तेवढं पाद्रीबाबांनाही कळत नसेल. माप देताना माणसं हात वर करून उभी राहतात, आणि हात वर करून उभं असलेलं माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझं बालपण चर्चच्या नन्सच्या शाळेत गेलं. तिथल्या मुली माझ्यावर शिवण शिकल्या, म्हणजे माझ्या सुया मोडायला शिकल्या. पुढे शाळेत विजेच्या मशीन आल्या आणि मला अडगळीत टाकलं. माझ्या चाकाला गंज चढला. तिथून एर्लिंदाने मला विकत घेतलं, घरी आणून घासलेटाने पुसलं, सांध्यासांध्यात तेल घातलं. त्यानंतरची वर्षं माझ्या वैभवाची. शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, चर्चमध्ये मुली पहिला प्रसाद घेतात त्या दिवसाचे पांढरे फ्रॉक. "एर्लिंदाची टीप कपडा फाटला तरी उसवत नाही," असं बायका म्हणायच्या. नाव तिचं व्हायचं, पण टीप माझीच होती ना?

मग बाजारात तयार कपड्यांचे ढीग आले. माझ्यावर आधी चादर पडली, मग भांडी आली, आणि एके दिवशी कोंबडीने माझ्या फळीवर अंडं घातलं. याहून जास्त अपमान मशीनचा काय व्हायचा?

अशा दिवसांत लिग्या आली. राजधानी किटोच्या विद्यापीठात ती अभ्यास करत होती, आणि त्या अभ्यासासाठी तिने एर्लिंदाची मागची खोली भाड्याने घेतली होती. आमच्या गावातल्या बहुतेक बायका गुलाबाच्या मळ्यात, पॉलिहाऊसमध्ये कामाला जातात. तिथल्या फवारणीच्या औषधाने त्यांचं डोकं गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, कुणाचं पोटातलं बाळ राहत नाही. किती जणींना काय होतं याचे आकडे लिग्याकडे होते. तिला ते सगळं बायकांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि ते कसं ऐकायचं याची आखणी ती करत होती. कुणाला विचारायचं, कुठे, कधी, काय, आणि ऐकलेलं कसं जपायचं. भांडी बाजूला सरकवून तिने माझ्याच फळीवर कागद पसरला.

तिच्यासमोर बसली होती देल्फिना, एर्लिंदाची धर्मकन्या. ती एर्लिंदाला माद्रिना म्हणते, म्हणजे धर्ममाता. ती मळ्यात गुलाब कापायची. तिच्या बोटांची टोकं इतकी बधिर झाली होती की ब्लाउजचं बटणही तिला धड लावता येत नसे. नवरा किनाऱ्याकडे गेला तो गेलाच. दोन लेकरं तिच्या पगारावर जगत होती. एका मळ्याने तिला काढलं असतं तर दुसऱ्याने घेतलं नसतं, कारण सगळ्या मळ्यांचे मुकादम एकाच बाकावर बसून बिअर पितात. आणि बोलायला तयार झालेली पहिली बाई तीच होती. मला तिची फार काळजी वाटे.

"रविवारी, मिस्साची प्रार्थना झाली की, चर्चच्या हॉलमध्ये," लिग्या म्हणाली. "सगळ्या गोल करून बसू. मधे रेकॉर्डर ठेवू."

"आणि हॉलच्या समोर कोण राहतं, माहितेय?" देल्फिनाने विचारलं.

"कोण?"

"मुकादम. एफ्राइन. रविवारी दारात खुर्ची टाकून दात कोरत बसतो. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, सगळं बघून ठेवतो. सोमवारी सांगतो, उद्यापासून येऊ नकोस."

लिग्याने हॉल खोडला. "मग तुझ्या घरी?"

"भिंती पुठ्ठ्यासारख्या. आणि शेजारीण त्याची चुलतबहीण."

"गावाबाहेर? ओढ्याकाठी?"

"ओढ्याकाठी एवढ्या बायका जमल्या तर गाव विचारेल, मेलं कोण," एर्लिंदा चुलीपाशी बसून म्हणाली.

लिग्याने पेन्सिल खाली ठेवली. "जागा चुकली की उत्तरंही चुकतात, असं आम्हाला शिकवतात. बरोबर जागा कुठली ते मात्र आपलं आपण शोधायचं."

मग एर्लिंदा उठली, माझ्यावरची भांडी एकेक करून उतरवली आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. "बाई कपडे शिवायला टाकायला निघाली तर तिला कोण विचारतं, कुठे चाललीस म्हणून?" ती म्हणाली.

तिथून बेत जमत गेला. सान पेद्रो या संताचा उत्सव जवळ आला होता. उत्सवात बायकांचे नाचाचे मेळे निघतात. एका मेळ्याच्या सगळ्या बायकांना सारखे चुण्यांचे घागरे, सारखे कशिद्याचे ब्लाउज लागतात. म्हणजे माप द्यायला यायचं, चुण्या बसवायला यायचं, घालून बघायला पुन्हा यायचं. एकेक बाई येईल, बोलेल आणि जाईल.

पण रेकॉर्डरची चाचणी फसली. देल्फिनाने नुसतं बटाट्याच्या सुपाबद्दल बोलून पाहिलं, एर्लिंदा शेजारी शिवत होती. नंतर ऐकलं तर सूप कुठेच नाही, सगळी मीच. खट खट खट खट. लिग्याचा चेहरा उतरला. मला मात्र, खरं सांगते, जरा बरं वाटलं. अजूनही माझा आवाज दणदणीत होता.

"थांब ग," देल्फिना म्हणाली. "आपल्याला हिच्याशिवाय काही ऐकू येत नसेल, तर खिडकीबाहेरच्याला काय डोंबल ऐकू येणार?"

तेव्हा रेकॉर्डर पेटीत गेला. लिग्या हाताने लिहिणार, नावं न घालता. मी अखंड चालत राहणार. एर्लिंदाचं तोंड खिडकीकडे, अंगणात कोणी दिसलं की तिने पाय थांबवायचा. मी थांबले की सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि गळा, बाही, अस्तर असलं काहीतरी बोलायला लागायचं. लिग्याने आणखी एक गोष्ट ठरवली. कोणालाही कुठल्याही क्षणी बोलणं थांबवता येईल, आणि नंतर येऊन "माझं बोलणं काढून टाक" म्हटलं तर ती ते काढेल, कारण विचारणार नाही.

आयुष्यभर मी चालण्यासाठी शाबासकी मिळवली होती. आता माझं थांबणंही कामाचं झालं होतं. मला तेल मिळालं, नवा पट्टा मिळाला. आणि मला धडकीही भरली.

मापं सुरू झाली आणि लगेच दारात सेन्योरा ग्लाडिस उभी राहिली. मुकादमाची बायको. एर्लिंदाचा पाय थांबला. खोलीत एक बाई हात वर करून उभी होती, तिने हात तसेच ठेवले.

"मेळा काढताय म्हणे," ग्लाडिस स्टुलावर बसत म्हणाली. बरोबर आणलेलं बिस्किट तिने मोडलं. "आणि मला पत्ताच नाही. मी काय नाचायची नाही?"

"तुम्हाला वेळ कुठे असतो, सेन्योरा," एर्लिंदा कशीबशी म्हणाली.

"वेळच वेळ आहे. नवरा दिवसभर मळ्यात, मी भिंतींकडे बघत. माझं माप घे. आणि मी पुढच्या रांगेत हं, मागे उभी राहणार नाही."

आमच्याकडे सान पेद्रोच्या नावाने निघालेल्या मेळ्यात कोणाला नाही म्हणता येत नाही. एर्लिंदाने टेप घेतला. कंबर तिला दोनदा मोजावी लागली.

ग्लाडिस गेल्यावर लिग्या म्हणाली, "पुरे. मी हे थांबवते. माझ्या अभ्यासापायी कोणाच्या पोटावर पाय यायला नको."

"आता थांबवलंस तर जास्त संशय येईल," देल्फिना म्हणाली. "मेळा तर काढावाच लागेल. संताचं नाव घेतलंय."

"आणि ती?"

"ती नाचू दे की अंगणात. तिला नाचायला लावू, दमवू."

मग आखणी पुन्हा बदलली. रविवारी दुपारी अंगणात नाचाची तालीम, ढोल, गाणी, आणि ग्लाडिस पुढच्या रांगेत. आत एकेकीला चुण्या बसवायला बोलवायचं. हसू नका मित्रांनो. वाघाला अंगणात नाचवून आपण घरात बसायचं, ही गंमत लांबून पाहणाऱ्याला. तालमीत ग्लाडिसची टाच वाजली की माझ्या सुईचा ठेका चुकायचा.

एकेक बाई बोलून गेली. शेवटी देल्फिनाची पाळी आली.

"मळ्यातला एक साधा दिवस सांग," लिग्याने सुरुवात केली. हा पहिला प्रश्न तिने किती वेळा बदलला होता ते मला ठाऊक आहे.

देल्फिना खाली बघत बोलू लागली. परदेशातल्या त्या प्रेमाच्या सणाआधी गुलाबांची मागणी कशी वाढते. फवारणी झाली की दार बंद ठेवायचं असतं, पण मुकादम हातमोजे फेकतो आणि म्हणतो, चला आत. प्लास्टिकवरून औषध टपटप मानेवर पडत असतं. "मला दिवस गेले होते," ती म्हणाली. "सांगितलं नाही. सांगितलं की काढतात. एका सकाळी गुलाब कापता कापताच..."

आणि मी थांबले.

लिग्याने कागद घागऱ्याखाली सरकवला. देल्फिनाचा चेहरा पांढराफटक पडला, तरी ती चढ्या आवाजात म्हणाली, "आणि बाही जरा सैल ठेवा हं, माद्रिना."

कोणी आलं नाही. दारात सावलीही पडली नाही. लिग्याने वळून पाहिलं. एर्लिंदा खिडकीकडे बघतच नव्हती. तिचे दोन्ही हात कापडावर पडले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"माद्रिना, कोण आहे?" देल्फिनाने हळूच विचारलं.

"कोणी नाही," एर्लिंदा म्हणाली. "मलाही असंच झालं होतं. दोनदा. गावात पहिलं पॉलिहाऊस आलं तेव्हा मी तिथेच होते. सासू म्हणाली, हिला इंद्रधनुष्याने धरलं, त्यानेच पोटातलं बाळ गेलं. मी तेच खरं धरून बसले." ती जरा थांबली. "मला कोणी विचारलंच नाही."

मित्रांनो, इतकी वर्षं तिचा पाय माझ्यावर होता, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली. लिग्याच्या आखणीत होत्या आज मळ्यात जाणाऱ्या बायका. एर्लिंदा होती ती जागा म्हणून. खिडकी, मशीन, चहा आणि एर्लिंदा.

तेवढ्यात अंगणातून ग्लाडिस ओरडली, "एर्लिंदा, मशीन का ग थांबली? झाला का माझा घागरा? येऊ बघायला?"

पावलं दाराकडे यायला लागली. एर्लिंदाला ऐकू आलं, पण तिचा पाय उचलेना. तेव्हा देल्फिना उठली. तिने धर्ममातेला खांद्याला धरून आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः माझ्यासमोर बसली. कापड बाजूला ओढताना दोरा तुटला; तिच्या बोटांना तो पुन्हा सुईत ओवता आला नसता, आणि ओवायला वेळही नव्हता. तिने दोन्ही पाय पायडलवर ठेवले आणि मला पळवलं.

"अजून नाही झाला, सेन्योरा," ती ओरडली. "चुण्या किती आहेत तुमच्या घागऱ्याला, सगळ्यांत जास्त."

पावलं थांबली. "हो का? मग चालू दे, सावकाश कर," ग्लाडिस खूश होऊन म्हणाली. ढोल पुन्हा वाजू लागला.

लिग्याने कागद बाहेर काढला, पण लिहिलं नाही. "लिहू का, दोन्या एर्लिंदा?" तिने विचारलं.

"लिही," एर्लिंदा म्हणाली.

ती बोलत होती तोवर मी चालत होते. सुईत दोरा नाही, खाली कापड नाही. रिकामी पळवली तर माझ्यासारखी जुनी मशीन झिजते. माझे सांधे करकरत होते. देल्फिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पायाचा ठेका तिने चुकू दिला नाही. त्या पाण्यातून तिला खिडकीबाहेरचं दिसत नव्हतं, म्हणजे आता लक्ष ठेवायला कोणीच नव्हतं. सगळं बोलून झाल्यावर एर्लिंदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऊठ आता, सुई मोडशील माझी."

सान पेद्रोला मेळा निघाला. ग्लाडिस पुढच्या रांगेत झकास नाचली. तिला काही कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. देल्फिनाची नोकरी टिकली. पुढे लिग्याचा अभ्यास छापून झाला, आणि फवारणीनंतर दार बंद ठेवायचा नियम मळ्यात आता पाळतात असं म्हणतात. माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या म्हणतात, कधी पाळतात, कधी नाही.

मित्रांनो, जुन्या मशीनला तेल घाला, पट्टा बदला, हे सगळ्याच मशीन सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी काही विचारायला निघाल. जागा नीट निवडा, दार बघून ठेवा, कोणाला कशाची भीती आहे ते आधी समजून घ्या. आणि निघण्यापूर्वी, ज्या बाईने तुम्हाला बसायला स्टूल दिलं, तिच्यासमोर दोन मिनिटं बसा आणि तिलाही विचारा.