फोडले म्हणा

“दगड हलवलेत, बाई. नष्ट झालेले नाहीत,” पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत साहेबांनी पुन्हा सांगितलं.

“मग कुठं ठेवलेत ते दाखवा,” चादरवाली म्हणाली. “सासूला घेऊन आलेय. बाहेर बाकावर बसवलंय. एकदा डोळ्यांनी बघू दे, हात लावू दे, की आम्ही आमच्या वाटेला लागतो.”

इस्पितळाच्या चादरी धुण्याचं काम त्या घरात सासूपासून चालत आलेलं. म्हणून तिचं नाव चादरवाली. घरामागच्या माळावर माणसाहून उंच, ओबडधोबड दगड रांगेनं उभे होते. कुणी उभे केले, कशासाठी, ठाऊक नाही. लोखंड माहीत नव्हतं त्या काळातल्या माणसांनी, एवढंच खात्याचे लोक सांगत. सासू लग्न होऊन आली तेव्हापासून या दगडांना दोऱ्या बांधून चादरी वाळत घालत होती. मग एकदा हेच साहेब आले. “दोरीनं दगड झिजतो. पुरातन ठेवा आहे हा,” म्हणून त्यांनी दोऱ्या सोडायला लावल्या. सासू भांडली नाही. एवढे मोलाचे असतील तर जपायलाच हवेत, म्हणाली. तिनं पलीकडे बांबू रोवले आणि दगडांवर चढणाऱ्या पोरांना, नावं कोरायला येणाऱ्या प्रेमवीरांना हाकलायचं काम फुकटात अंगावर घेतलं. गुडघे गेल्यावर ती खिडकीतून ओरडायची, पण ओरडायची.

रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा ती न्युमोनियानं इस्पितळात होती. एका सकाळी मशीन आलं. चादरवाली ओल्या हातांनी धावली, आडवी उभी राहिली. ठेकेदाराच्या माणसानं “परवानगी आहे” म्हणून कागद फडकवला आणि दोघांनी दंडाला धरून तिला बाजूला केलं. दुपारपर्यंत दगडांची खडी झाली.

सासू घरी आली, खिडकीबाहेर बघितलं. “कुठं गेले गं?”

सुनेनं खरं ते सांगितलं. पण त्याच आठवड्यात खात्याचा माणूस येऊन गेला. “आजी, सुरक्षित ठिकाणी हलवलेत,” म्हणाला. म्हातारीचा जीव भांड्यात पडला आणि ती सुनेवरच उखडली. “शिकलेली माणसं कशाला खोटं बोलतील? तूच मेली अभद्र बोलतेस!”

म्हणून आज दोघी इथं.

“गोदामात आहेत. कुलूप असतं,” साहेब चष्मा पुसत म्हणाले.

“किल्ली मागवा. थांबते मी.”

“समजून घ्या हो. वरून आदेश होता. मी एकटा काय करणार?”

“आमच्या दोऱ्या सोडवायला एकटेच आला होतात की! भर उन्हात उभं राहून एकेक गाठ सोडवून घेतलीत. तेव्हा नव्हता लागला वरचा आदेश?”

पाणी घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

“आवाज कमी करा, बाई.”

“का करू? मशीनचा केला होतात कमी? माझ्या डोळ्यांदेखत चुरा झाला त्यांचा, आणि तुम्ही मलाच हलवले सांगता! माझ्या घरात मी खोटारडी ठरले, साहेब. सगळा जन्म आम्ही दोघींनी मिळून चादरी पिळल्या. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती बाई आता मी पाणी दिलं तरी आधी माझ्या तोंडाकडे बघते.”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “तुम्हाला हवंय काय? भरपाई?”

चादरवाली ताडकन उठली. “तुमचं काही नको मला. हलवले म्हणू नका. फोडले म्हणा.”

“फोडले,” साहेब टेबलाकडे बघत पुटपुटले.

“मला काय सांगता? मला माहीत आहे. तिला सांगा. आणि मोठ्यानं, तिला कमी ऐकू येतं.”

साहेब बाहेर आले. त्यांना बघून म्हातारी बाकावरून उठायला लागली. “मिळाली किल्ली? लांब आहे का हो फार?”

“बसा, आजी.” ते तिच्या कानाशी वाकले. “दगड नाहीत आता. फोडले.”

“आं?”

“फोडले, आजी!”

लांबलचक व्हरांड्यात शब्द घुमला. दोन-चार दारांतून माना बाहेर आल्या.

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “तो उंचवाला पण?”

“सगळे.”

तिनं उठण्यासाठी हात पुढे केला. साहेबांनी घाईनं आपला हात दिला. तिनं तो सावकाश बाजूला सारला आणि सुनेचा दंड धरला.

“चल,” म्हणाली. “चादरी भिजत पडल्यात.”