आधी घ्या, मग पाठवा

"बाई, मंबईचा कागुद आला का?"

खिडकीत चिमाजी उभा होता. सकाळपासून ही तिसरी खेप. मागे पायरीवर त्याची बायको नवसाबाई पदरानं गाल झाकून बसली होती. दोघं पेठकडच्या एका पाड्यावरून आली होती. नवसाबाईच्या जबड्यात गाठ होती. जबडा किती काढायचा हे मुंबईचे एक तज्ज्ञ गाठीच्या तुकड्याचे फोटो पाहून सांगणार होते. ते फोटो संध्या गांगुर्डेनं गुरुवारी मेलनं पाठवले होते. आज मंगळवार होता.

"नाही आला अजून. काही खाल्लं का त्यांनी?"

"नागलीची पेज घेते. भाकर नाय चावत."

तो गेला आणि संध्या जागेवर येऊन बसली. नाशिकच्या इंदिरानगरातल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती शहाऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागली होती. पुढे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. किशोर नावाच्या इंजिनियरनं कोपऱ्यातल्या खोलीत मेलचा सर्व्हर बसवला आणि वर्षभरात तो बंगळुरूला निघून गेला. जाताना एक शंभर पानी वही तिच्या हातात ठेवून म्हणाला, "मॅडम, याला काही होत नाही. नुसता चालू ठेवा." त्याला आता तीन वर्षं झाली होती. हजेरीपटावर संध्या अजून टायपिस्टच होती.

मुंबईहून उत्तर का येत नाही म्हणून तिनं सर्व्हरची स्वतःची पेटी उघडली. न पोचता परत आलेली सगळ्यांची पत्रं, पाठवणाऱ्याकडे न जाता, त्या पेटीत पडत. सहा हजारांच्या वर पत्रं होती. वजन उतरवायच्या गोळ्यांच्या इंग्रजी जाहिराती, आणि प्रत्येकीवर हॉस्पिटलच्या सर्व्हरचा शिक्का. तास-दीड तास ती ढीग उपसत राहिली. त्या ढिगाऱ्यात गुरुवारचं तिचं स्वतःचं पत्र सापडलं, फोटोंसकट. मुंबईच्या सर्व्हरनं ते दारातूनच माघारी लावलं होतं. कारण सरळ लिहिलं होतं: तुमचा सर्व्हर कचरा पाठवणाऱ्यांच्या यादीत आहे, तुमची पत्रं आम्ही घेत नाही.

पाच दिवस तो माणूस खिडकीत येत होता, आणि पत्र नाशिकच्या बाहेर पोचलंच नव्हतं.

तिला राग आला तो आधी स्वतःचाच. कारण हे असं होणार हे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. त्यांचा सर्व्हर कुणाचंही पत्र घेई आणि इमानानं जगभर पोचवी. पाठवणारा हॉस्पिटलचा आहे की परका, हे विचारतच नसे. दिवाळीत तिनं वाचून वाचून ते दार बंद केलं होतं. फक्त हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवरून आलेलंच पत्र बाहेर जाईल, अशी एक ओळ घातली होती. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर धनराज चांदवडकरांचा गंगापूर रोडच्या बंगल्यावरून फोन आला. ते हॉस्पिटलचे प्रमुख. घरी ते टेलिफोनवरून इंटरनेट जोडत, म्हणजे सर्व्हरच्या लेखी तेही परकेच.

"माझ्याच हॉस्पिटलमधून माझीच मेल जात नाही? काय केलंत तुम्ही?"

तिनं समजावून पाहिलं. ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पहिल्यासारखं करा."

"हो सर," ती म्हणाली होती, आणि ती ओळ काढून टाकली होती.

संध्यानं आता मुंबईला फोन लावला. पलीकडची असिस्टंट म्हणाली, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही हो." संध्यानं फोटो दोन फ्लॉपींवर घेतले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन स्वतःच्या फुकटच्या खात्यावरून पाठवून दिले. परत आल्यावर तिनं दिवाळीतली ओळ पुन्हा घातली, सर्व्हर बंद करून चालू केला आणि मग डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मी दार बंद केलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "पुन्हा? संध्याबाई, परवा मी दिल्लीला चाललोय कॉन्फरन्सला. हॉटेलातून मेल कशी करू? किशोरला विचारा ना."

"किशोर फोन उचलत नाही. सर, नवसाबाईंचे फोटो मुंबईला पोचलेच नव्हते. पाच दिवस. आपलं नाव यादीत आहे म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"दिवाळीत सांगितलं होतं सर. तुम्ही उघडायला सांगितलं आणि मी उघडलं. आता नाही उघडणार. तुमची सोय करते. पण दार नाही उघडणार."

सोय करणं काही सोपं नव्हतं. पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची सुविधा सर्व्हरच्या नव्या आवृत्तीत होती, यांच्या जुन्यात नव्हती. नवी चढवायला गेली तर अख्खी मेल बंद पडली. अकाउंट्सवाल्या छायाबाई दारात येऊन म्हणाल्या, "चांगलं चालत होतं, कशाला हात लावला?" संध्यानं जुनी आवृत्ती परत घातली. बुधवारी संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. डोळे चुरचुरत होते, आणि वहीत किशोरनं जे लिहायला हवं होतं तेच नेमकं लिहिलेलं नव्हतं.

शेवटी दुसरी वाट सापडली. आलेली मेल घेताना प्रत्येकाला पासवर्ड द्यावाच लागतो. ज्यानं तो बरोबर दिला त्याच्यापुरतं अर्धा तास दार उघडायचं. म्हणजे आधी आपली पत्रं घ्यायची, मग पाठवायची. एवढंच लक्षात ठेवायचं. तिनं 'आधी घ्या, मग पाठवा' असं ठळक टाइप केलं आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या लॅपटॉपवर चिकटवली.

गुरुवारी दिल्लीहून फोन आलाच. "नाही जात, संध्याबाई."

"सर, आधी आलेली घेतली का?"

पलीकडे लॅपटॉपच्या कळा खटखटल्या. मग डॉक्टर म्हणाले, "गेली," आणि फोन ठेवला.

यादीतून नाव काढायचा अर्ज तिनं बुधवारीच भरला होता. तो फेटाळला गेला. यादी करणाऱ्यांना तपासताना आणखी एक भोक सापडलं होतं. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर अभिप्राय पाठवायचा फॉर्म होता, त्यातूनही परके लोक पत्रं सोडत होते. तो फॉर्म कुणी बसवला, केव्हा बसवला, कुणालाच माहीत नव्हतं. तिनं तो काढून टाकला आणि पुन्हा अर्ज केला.

मुंबईचं उत्तर गुरुवारी दुपारी तिच्या फुकटच्या खात्यावर आलं. डाव्या बाजूचा अर्धा जबडा काढावा लागेल, आणि उशीर करू नका. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते पेशंटला सांगता येत नव्हतं. डॉक्टर शनिवारी परतले आणि सोमवारची ऑपरेशनची तारीख दिली. तिनं त्यांना विचारलं, "पाच दिवसांनी फरक पडला असेल का सर?"

"बहुतेक नाही," ते म्हणाले.

त्यातला 'बहुतेक' घेऊन ती बाहेर आली. चिमाजी आणि नवसाबाई बाकावर बसले होते. संध्या त्यांच्या शेजारी बसली. मुंबईचा कागद तिनं मराठीत वाचून दाखवला, मग घडी करून हातात ठेवला.

"चिमाजीभाऊ, हा कागद पाच दिवस आधी यायला हवा होता. माझ्या चुकीनं उशीर झाला. तुम्ही रोज विचारत होतात आणि पत्र इथंच अडकलं होतं."

चिमाजीनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "आमच्या पाड्यावं पोस्टमन म्हयन्या-म्हयन्यानं येतो बाई," तो म्हणाला. "पाच दिस काय लय नाय."

तो समजूत घालण्यासाठी बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच तिला त्याच्याकडे बघवेना. नवसाबाईनं पदराआडून तिचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी डॉक्टरांनी त्याची नोंद सांगितली आणि संध्यानं ती टाइप केली. किती सेंटिमीटर हाड काढलं, कडा स्वच्छ, म्हणजे गाठीचा अंश नसलेल्या, होत्या की नाही. आकडे तिनं दोनदा ताडून पाहिले. मग यादी उघडली. त्यांच्या सर्व्हरचं नाव त्यात नव्हतं. कुणाला सांगावं म्हणून तिनं मान वळवली. छायाबाई जेवायला गेल्या होत्या.

तिनं ती नोंद जोडून मुंबईच्या डॉक्टरांना आभाराचं पत्र लिहिलं आणि या वेळी हॉस्पिटलच्या सर्व्हरवरूनच पाठवलं. मग परत येणाऱ्या पत्रांची पेटी उघडून ती हात मांडीवर ठेवून बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पेटीत परत आलेलं नवं काहीच पडलं नाही.

तिनं पुढच्या पेशंटची फाइल ओढली आणि टाइप करायला लागली.