निळं पाणी, काळा गाळ

"सर, मढं कुजलं की त्याचं सोनं होतं का?"

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. समरा मात्र ताठ उभी. मागच्या बाकावरच्या सोनालीनं पैज लावली होती: कॉलेजातून आलेल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना एवढं विचारून दाखव, भजी माझ्याकडून. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी समरा आता पैजेला नाही म्हणत नसे.

सर हसले नाहीत. "सोन्याचं राहू दे, तांब्याचं ऐक," ते म्हणाले. "तांबं कुजण्यातून होत नाही, कुजण्यापाशी जमतं."

जमिनीखालच्या पाण्यात कणभर तांबं विरघळलेलं असतं. वाटेत कुठं पालापाचोळा, लाकूड, मेलेली जनावरं गाळात कुजत असली, की तिथं हवा पोचत नाही. तिथले जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. त्याची गाठ पडली की तांबं पाण्याला सोडतं आणि काळं होऊन गाळात बसतं. लाखो वर्षं हेच चाललं की खाण! कुठं कुठं तर अख्खा ओंडका तांब्याच्या खनिजाचा झालेला सापडतो.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. "जिंकलीस गं बाई," सोनालीनं कोपर मारलं. "पण भजी खाताना मढ्याचं नाव काढू नको."

समरा हसली खरी, पण शाळेबाहेरच्या गाड्यावर भजी तिच्या हातात तशीच राहिली. सडक्या अंड्याचा वास. तो तर तिच्या परसात रोज यायचा.

तिचे अब्बा, कासीमभाई, लोखंडी कड्या-कोयंड्यांवर तांब्याचा मुलामा चढवायचे. माल धुतलेलं निळं पाणी परसातल्या खड्ड्यात जाई. खड्ड्यात मेंढ्यांच्या लेंड्या आणि उसाची चिपाडं. वरून निळं पाणी ओतावं, खालच्या नळीतून नितळ यावं, ही दादाजानची युक्ती. "जमीन सगळं गिळती," असं अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत. दर उन्हाळ्यात खड्डा उपसायचा. तो काळाकुट्ट गाळ सोनालीचे वडील, धुळाकाका, खत म्हणून शेतात टाकत आणि बदल्यात लेंड्यांची पोती देत. काळं हाय, वास मारतंय, म्हणजे कसदारच की!

गेल्या साली त्याच रानात चरलेली धुळाकाकांची मेंढरं पटापटा मेली. डोळे पिवळे, मूत कोऱ्या चहासारखं. सोनालीच्या हातचं खाणारी चांदी मेंढी त्यातच गेली. जनावरांच्या डॉक्टरनं विचारलं होतं, "कुठं मोरचूद खाल्लं का?" धुळाकाका म्हणाले, "आमच्यात कुटलं मोरचूद, सायेब? फवारायला द्राक्षाची बाग थोडीच हाय." आणि ते बिरुदेवाला नवस बोलले.

मोरचूद, म्हणजे तांब्याचंच निळं मीठ, अब्बांच्या टाकीत होतं. त्यानंच पाणी निळं व्हायचं.

समरा शाळेच्या फाटकाकडं पळत सुटली. सर स्कूटरला किक मारत होते. "सर, तसला गाळ उपसून शेतात पसरला तर?"

हा प्रश्न विचार म्हणून कुणी पैज लावली नव्हती.

"हवा लागली की गाळाची पकड सुटते," सर म्हणाले. "तांबं पुन्हा मोकळं होतं, गवतात उतरतं. का गं? कुणाचं शेत?"

समरानं घराची वाट धरली.

घरी आली तर अंगणात लेंड्यांची ताजी पोती. धुळाकाका नुकतेच टाकून गेले होते. "उद्या सकाळी गाळ न्यायला ट्रॉली आणतो म्हणालाय," अब्बा खुशीत होते. समरानं दप्तरसुद्धा न उतरवता सगळं सांगून टाकलं.

अब्बांचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. "चार बुकं शिकली आणि बापाला खुनी ठरवायला निघाली! दादाजानपासून चाललंय हे."

"दादाजानला ठाऊक नव्हतं, अब्बा. आपल्याला आता झालंय."

"धुळाला कळलं तर उद्या माझ्या दारात उभा राहील का तो? कारखान्याला कुलूप लागंल. खाशील काय मग?" ते पोत्यावर मटकन बसले. "गाळ देत नाही, बस? काहीतरी सबब सांगतो. पण तू तोंड उघडायचं नाही."

"आणि जो रानात पडलाय, त्याचं काय? तिथंच चरतात उरलेली मेंढरं अजून."

अम्मी, गुलबानो, दारात ओढणीचं टोक पिळत उभी होती. "सोनाली तुझ्याशी बोलायची नाही परत," ती हळूच म्हणाली. "विचार कर, बेटा."

तोच विचार समरा शाळेपासून घरापर्यंत करत आली होती. चांदी गेली तेव्हा सोनाली तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती, आणि समरानं समजूत काढली होती: देवाची मर्जी.

खड्ड्यात निळं पाणी ठिबकत होतं. बुडबुडा फुटला, वास आला.

"केला विचार," समरा म्हणाली. "अब्बा, अम्मी, उद्या ट्रॉली यायच्या आधी मी धुळाकाकांकडं जाणार. मेंढरं कशानं मेली ते सांगणार, त्या रानात चारू नका म्हणून सांगणार. अब्बा, तुम्ही बरोबर आलात तर तुम्ही बोला, मी गप्प उभी राहीन. नाही आलात, तर मी बोलेन."