पिसांच्या फुलाचा धोका

ठाण्याच्या कचेरीतले त्र्यंबकराव गेले पंधरा दिवस आतल्या आत जळत होते. कारण एकच, परशुराममास्तर. वीस वर्षं हे दोघे मित्र रोज संध्याकाळी कळव्याच्या खाडीपर्यंत फिरायला जायचे. आणि आता पुण्याहून कोर्टाचे नवे मुन्सफ बदलून आले काय, त्यांनी बंगल्यामागे जाळी बांधली काय, नि परशुराम तिकडे बॅडमिंटन खेळायला लागला काय! बुचाला पिसं खोचलेलं एक फूल बॅटीने इकडून तिकडे उडवायचं, झाला खेळ. मुन्सफ, त्यांचे धाकटे बंधू, पोस्टमास्तर आणि परशुराम, असे चौघे. त्र्यंबकरावांना कुणी विचारलंच नाही.

तीच तर मेख होती. त्र्यंबकरावांना खेळायचं होतं, अगदी मनापासून खेळायचं होतं. पण आपण होऊन तोंड वेंगाडायचं? छे! त्यापेक्षा तो खेळच बंद पडलेला बरा.

ते तडक परशुरामच्या आईकडे गेले. विमलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"काकू, बोलू नये, पण राहवत नाही. परशुराम जिवावर उदार झालाय."

"अगोबाई! काय झालं रे?"

"तो खेळ, काकू! फूल उंच जातं, माणूस आभाळाकडे बघत राहतो, आणि मानेच्या शिरा आखडतात. पुण्यातला एक शिरस्तेदार तसाच वर बघत राहिलाय. घास भरवायचा तर बायकोला माळ्यावर चढावं लागतं."

हा शिरस्तेदार त्र्यंबकरावांनी तिथल्या तिथे जन्माला घातला होता. पण विमलाबाईंच्या हातातलं सूप खाली आलं, तसा त्र्यंबकरावांना चेव चढला.

"पिसं नाकात जातात, तिथून मेंदूत. जाळीत पाय अडकला तर सोडवायला बाळकुमचे कोळीच बोलवावे लागतील. आणि ते फूल टाळूवर बसलं तर? विचारूच नका!"

विमलाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. त्र्यंबकराव खूश होऊन घरी गेले. उद्या परशुराम खाडीवर येणार, यात त्यांना शंका नव्हती.

परशुराम आला, पण कचेरीत. "त्र्यंबक, आईने सांगितलं मला सगळं. सख्खा भाऊसुद्धा एवढी काळजी करायचा नाही रे. ती खेळ सोडच म्हणत होती, पण मुन्सफसाहेबांना नाही कसं म्हणायचं? शेवटी म्हणाली, त्र्यंबक जवळ उभा राहत असेल तर खेळ."

त्या संध्याकाळपासून त्र्यंबकराव एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात हळदीची पुरचुंडी घेऊन जाळीपाशी उभे. समोर परशुराम उड्या मारतोय, पोस्टमास्तरांना टाळ्या देतोय, आणि यांच्या अंगाचा नुसता तिळपापड. तो पोस्टमास्तर तर साधं फूलसुद्धा चुकवायचा. आपण असतो तर दाखवलं असतं, असं त्र्यंबकरावांना रोज वाटायचं.

आठव्या दिवशी पोस्टमास्तर तापाने पडले. मुन्सफ हसून म्हणाले, "त्र्यंबकराव, आज तुम्ही या की. ही घ्या बॅट."

त्र्यंबकरावांनी तांब्या खाली ठेवला, हळद खिशात कोंबली, हात पुढे केला. तेवढ्यात परशुराम मध्ये धावला.

"नको नको, साहेब! त्यांना आग्रह करू नका. या खेळाची फार धास्ती आहे हो त्यांना. माझ्यापायी बिचारा रोज जीव मुठीत धरून उभा राहतो, तेवढं पुरे."

"असं होय? मग राहू द्या," मुन्सफ म्हणाले, आणि त्यांनी दगडू पट्टेवाल्याला हाक मारली.

अरे, मला खेळायचंय रे! शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते बोलायचं तर पुण्याचा शिरस्तेदार आणि मेंदूतली पिसं, सगळंच खोटं होतं म्हणून कबूल करावं लागणार होतं. दगडूने पागोटं काढून त्र्यंबकरावांच्या हातात दिलं आणि पहिल्याच फटक्याला फूल असं काही परतवलं, की परशुराम ओरडला, "वा रे पठ्ठ्या!"

मग त्याचं लक्ष त्र्यंबकरावांकडे गेलं. "त्र्यंबक, मागे सरक बाबा, अजून मागे," तो कळवळून म्हणाला. "लागेल तुला."

त्र्यंबकराव मागे सरकले.