न्हाणीघरातली नवी फरशी

बराकीत शांतता राहिली, तर नऊ दिवसांनी मुकादमाची सुटका होती. तोही कैदीच, पण बाकीच्यांना पट्ट्याने फोडून शांत ठेवायचं काम त्याच्याकडे. फुटलेला प्रत्येक जण डॉक्टरला सांगे, "न्हाणीघरात घसरलो."

शेवटी जेलरसाहेबांनी तिथे हौसेने खरखरीत फरशी बसवली. दुसऱ्याच दिवशी मुकादमाने एका म्हाताऱ्याचे चार दात पाडले. सवयीने म्हातारा बोलून गेला, "घसरलो, साहेब."

"माझ्या फरशीवर?" साहेब दुखावले. "मुकादम, घसरून दाखव. नाही जमलं, तर दात तूच पाडलेस, सुटका विसर."

मुकादमाने दोन फेऱ्या मारल्या. पाय काही घसरेना. मग डोळे मिटून त्याने स्वतःला तोंडावर आपटलं. नाक फुटलं. "घसरतं, साहेब!"

साहेबांनी रक्त न्याहाळलं. "एकदा कुणीही पडतं. पुन्हा दाखव."

म्हातारा म्हणाला, "जपून हं, मुकादम."