ढोलाच्या कानानं मोजलेली हवा

भाऊसोंच्या अपेक्षाचं लग्न झालं ते दोन हजार बावीस साल. वैशाखात लेक सासरी गेली आणि त्याच पावसाळ्यात भाऊसोंच्या घरात मोटारीवरून वाद पेटला.

भाऊसो आटपाडीकडचे धनगर. तरुणपणी मेंढरं विकून कोइमतूरला गेले आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून चोख करायच्या धंद्यात भट्टीपुढं उमर घालवली. जाताना घरातला गजी नाचाचा ढोलही विकावा लागला होता. गावी परतल्यावर आधी त्यांनी नवा ढोल घेतला आणि मग घराला रंग दिला.

मुलगा इंद्रजित तिकडंच वाढला. तिकडंच त्याला मोटारींचं वेड लागलं. तो आला तो एक जुनी, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी स्पोर्ट्स कार घेऊन. भाऊसो तोंडानं कधी बोलले नाहीत, पण पोराचं त्या गाडीपाशी रमणं त्यांना कळत होतं. ढोल गेल्यावर माणसाच्या हाताचं काय होतं, ते त्यांनी स्वतः भोगलं होतं.

इंद्रजितनं गाडीला बसतील तेवढी रुंद टायरं घातली. रुंद टायर म्हणजे पकड जास्त, असा त्याचा अंदाज. आईला, सुलाबाईंना घेऊन वडूजवरून येताना एका ओल्या वळणावर ती टायरं पाण्यावर तरंगली. गाडीची मागची बाजू गरकन फिरली आणि आलेल्या रस्त्याकडं तोंड करून ती थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण सुलाबाईंनी तिथंच चिखलात उभं राहून सांगितलं, "इंदर, एकदा झालं ते झालं. परत हिचं शेपूट हललेलं मला दिसलं, तर ही दारात ऱ्हायची न्हाई."

सुलाबाईंचा शब्द घरात कुणी ओलांडत नसे.

इंद्रजितनं सांगली गाठली. तिथं त्याचा मित्र पप्पू याचं टायरचं दुकान. गाडी बघून पप्पू हसतच सुटला.

"गड्या, शेरडाएवढं हिचं वजन आन् पायात हत्तीचे जोडे? एवढ्याशा वजनानं ह्यो टायर पाणी कापणार कसा?"

त्यानं दोन बोटं अरुंद टायरं घातली आणि गाडीची पकड हवेवर कशी असते ते समजावलं. "हवा सकाळी बघायची, टायर गार असताना. पुढं अठ्ठावीस पौंड, मागं सव्वीस. पळून तापलं की चार-पाच वाढतीय. ती वाढ धरूनच ह्यो आकडा हाय. तापल्यावर हवा काढायची न्हाई."

हे बोलणं चाललं तेव्हा सांगलीला बरोबर आलेले भाऊसो हळदीच्या पेठेत ओळखीच्या अडत्याकडं चहा पीत बसले होते.

मार्गशीर्षात साताऱ्याकडच्या एका घाटात गाड्यांची वेळ लावून शर्यत होती. रस्ता दिवसभर बंद. सकाळी सराव, जेवणानंतर दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. इंद्रजितनं नाव दिलं. सुलाबाई म्हणाल्या, "मी बी येती. माझ्या डोळ्यांनी बघती." मग भाऊसोही निघाले.

सरावात गाडी सुतासारखी सरळ चढली. इंद्रजित आणि पप्पू जेवायला गेले. भाऊसो गाडीपाशी राखणीला थांबले. उगीच त्यांनी मागच्या टायरवर थाप मारली आणि त्यांचा हात जागीच थांबला. आवाज चढा होता. ढोल चिपाडांच्या जाळावर जास्त शेकला, की असाच बोलतो. मग ढोल जाळापासून मागं घ्यावा लागतो, नाहीतर कातडं फुटतं.

'तवा शेपूट हललं ते ह्याच्यामुळंच,' भाऊसोंच्या मनानं घेतलं. पोराला सांगावं, तर ते जेवायला बसलेलं. त्यांनी काडी घेऊन नळीतली पिन दाबली. थाप मारायची, ऐकायचं, थोडी हवा सोडायची. आवाज मऊ, भरदार झाला तसे दुसऱ्या चाकाकडं गेले. तेही त्याच सुरात आणलं. पोराच्या उपयोगी पडलो म्हणून त्यांना बरं वाटलं.

पहिल्या फेरीला दुसऱ्याच वळणावर गाडीचं ढुंगण म्हशीसारखं डोललं. इंद्रजितनं कशीबशी सावरली. वळणाच्या वर कठड्यामागं उभ्या असलेल्या सुलाबाईंनी पदर खोचला.

"झालं. उद्या गिऱ्हाईक बघा."

भाऊसो शेजारीच होते. ते लगबगीनं खाली उतरले. गाडी परत खाली आली होती आणि पप्पू मागच्या चाकाला हवा मोजायचं गेज लावून बसला होता.

"इंदर, सोळावर आलीय! कुणी काढली रं हवा?"

"मी काढली," भाऊसो म्हणाले. "लय तापल्यालं वाजत हुतं. मला वाटलं, फुटंल."

इंद्रजितनं डोक्याला हात लावला. पण बापाच्या हातातली काडी बघून तो खाली बसला आणि टायरवर हात ठेवून म्हणाला, "आबा, तुमी तापल्याला ढोल उतरवला. पर वाजवायचा कवा? त्यो गार झाल्यावर! मग कातडं ढिलंच पडणार की."

भाऊसोंना क्षणात उमगलं.

पप्पूनं दुसऱ्या चाकाला गेज लावलं आणि शीळ घातली. "आबा, हितं बी सोळाच! माझ्या दुकानातल्या पोरांना जमत न्हाई असलं."

"मस्करी मागनं कर, आधी हवा भर," भाऊसो म्हणाले आणि चढ चढून बायकोकडं गेले. "अगं, ऐक. शेपूट गाडीनं न्हाई हलवलं, मी हलवलं." त्यांनी सगळं सांगितलं.

सुलाबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे इकायची तर तुमालाच इकायला पायजे."

"मला कोण घेतंय आता?"

सुलाबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण नजर रस्त्यावरच राहिली. "अजून एक फेरी हाय न्हवं? बघू."

दुसऱ्या फेरीला आवाज आधी आला, मग गाडी. त्याच वळणावर तिनं कूस बदलल्यासारखं केलं आणि रेघेवरून गेल्यागत वर निघून गेली. भाऊसो रस्त्याकडं बघतच नव्हते. ते बायकोचं तोंड बघत होते.

"न्हाई हललं," सुलाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या दारात."

इंद्रजित पाचवा आला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पप्पूनं भाऊसोंना एक गेज दिलं. त्यानंतर रोज सकाळी, चाकांवर ऊन यायच्या आत, ते अंगणात बसून चारी टायरं तपासायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. आधी थाप मारून अंदाज करायचा, मग गेज लावायचं. हवा मात्र त्यांनी परत कधी काढली नाही.

गाडी अजून दारात आहे. भाऊसो दोन हजार चोवीस सालच्या फाल्गुनात, होळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वारले.